एअर इनटेक बदलताय? आधी पांदण रस्ता आठवा

तिवस्यातून महामार्गाला लागलं की अमरावतीकडे वळा नाहीतर नागपूरकडे, चाकाखाली चांगला रस्ता आहे. अमरावतीच्या पुढे अकोल्याच्या वाटेवर तर जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस बुकात नोंद झाली. पण तीच गाडी कुऱ्ह्याकडून आत शिरते, वावराच्या पांदणीला लागते, आणि उन्हाळ्यात चाक अर्धा बोट फुफाट्यात रुततं. समोर गिट्टीचा टिप्पर असला तर त्याने उडवलेली सगळी भुकटी तुमच्या बोनेटखाली जाते. एअर इनटेक निवडायचा तो या दुसऱ्या रस्त्याकडे बघून. पहिल्या रस्त्यावर कुठलाही चालतो.

हा विषय निघण्याचं कारण उघड आहे. सेकंडहँड स्विफ्ट, पोलो, थार नाहीतर क्रेटा घेतलेली तरुण पोरं पहिला खर्च सीट कव्हरवर करतात, दुसरा म्युझिकवर आणि तिसरा हल्ली लाल कोनाच्या एअर फिल्टरवर. मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो. दुकानदार सांगतो, ‘भाऊ, हे लावलं का गाडी अशी पयते!’ आणि बोनेट उघडल्यावर चकचकीत पाईप दिसतो, त्याचंही समाधान असतंच. त्यात काही गैर नाही. फक्त पैसे कशासाठी मोजतो आहोत ते ठाऊक असावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात इनटेककडून तीन गोष्टी हव्यात आणि त्या याच क्रमाने हव्यात: धूळ अडवणं, हवा थंड ठेवणं आणि मग हवा मोकळी वाहू देणं. जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा लावलेला असतो. सगळी चर्चा हवा किती मोकळी वाहते याचीच. थंडपणाचा उल्लेख पाकिटावर नावापुरता, आणि धुळीबद्दल सहसा एक ओळसुद्धा नाही.

हवा लागते तरी किती?

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे ११ किलो हवा. आकारमानात ती नऊ हजार लिटरच्या वर भरते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १० हजार किलोमीटर चालली तर तिने साठेक लाख लिटर हवा ओढली. ती सगळी त्या तळहाताएवढ्या जाडीच्या कागदी फिल्टरमधून गेली.

पण ही सरासरी झाली. इनटेकची खरी परीक्षा पूर्ण थ्रॉटलवर असते. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त ३६०० लिटर हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून तीन हजारांच्या आसपास धरा. कंपनीने डबा आणि फिल्टर आखताना हाच आकडा समोर ठेवलेला असतो. त्यामुळे ‘कंपनीचा फिल्टर गाडीचा गळा दाबतो’ हे वाक्य चांगल्या स्थितीतल्या फिल्टरला लागू होत नाही. स्वच्छ कागदी फिल्टरमुळे होणारा अडथळा मुळातच थोडा असतो. त्यातला निम्मा काढून टाकला तरी हाती लागतं ते एक-दोन टक्के, तेही वरच्या आरपीएमला. ८०-८५ अश्वशक्तीच्या गाडीत ही वाढ नुसत्या चालवण्यातून ओळखणं कठीण आहे. मग जी ओळखू येते ती काय? ती बहुतेक वेळा आवाजाची असते. उघड्या फिल्टरचा ‘सुंऽऽ’ असा आवाज कानाला वेगासारखा वाटतो.

आधी स्वतःचा डबा उघडून बघा

काही विकत घेण्याआधी एकदा सावलीत, थंड इंजिनावर बोनेट उघडा. फिल्टरच्या काळ्या डब्यातून निघालेली सोंड कुठे जाते ते बोटाने माग काढत जा. बहुतेक गाड्यांत तिचं तोंड ग्रिलच्या वरच्या पट्टीमागे किंवा हेडलाईटच्या बाजूला, पुढे तोंड करून असतं. म्हणजे ती बाहेरची, इंजिनाने न तापलेली हवा घेते. ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणून जे वेगळं विकलं जातं, ते तुमच्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेलं असतं.

सोंडेला किंवा पाईपला चिकटलेला एखादा रिकामा, बंद डबा दिसेल. त्यात काहीच नाही म्हणून काही मिस्त्री तो काढून फेकतात. तो रेझोनेटर. इनटेकचा आवाज मारायला आणि हवेच्या लाटा जुळवायला तो आकार मोजूनमापून दिलेला असतो. काढला की आवाज वाढतो, आणि काही इंजिनांत खालच्या आरपीएमची ओढ थोडी कमी होते. आपल्याकडे गाडी भरून, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गावातून काढायची असते. तिथे हीच खालची ओढ कामाला येते.

डब्याच्या तळाला छोटं भोक असेल तर ते पाणी निथळायला असतं. एम-सील लावून बुजवू नका.

नवतपात उघडा कोन काय करतो

अकोला-अमरावतीला मे महिन्यात ४५-४६ अंश ही काही बातमी राहिलेली नाही. हवा तापली की पातळ होते, तेवढ्याच आकारमानात तिचं वजन कमी भरतं. २५ अंशांना एक घनमीटर हवा सुमारे १.१८ किलो असते. ४५ अंशांना १.११ किलो. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळच्या मानाने नवतपात गाडी आधीच मंद. त्यावर उपाय नाही, ते हवामान आहे.

पण आता डबा काढून उघडा कोन बसवला, तोही एक्झॉस्टच्या किंवा रेडिएटरच्या पंख्याच्या जवळ, तर तो बाहेरची ४५ अंशांची हवा न घेता बोनेटखालची ६०-६५ अंशांची हवा ओढेल. २० अंश वाढीला हवेचं वजन आणखी सहा टक्क्यांनी घटतं. कोनाने मोकळ्या वाहण्यातून एक-दोन टक्के मिळवून दिले आणि उष्णतेत सहा घालवले. शिवाय गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंगची शक्यता वाढते, ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क मागे घेतो, आणि गाडी आणखी जड होते. अमरावतीच्या पंचवटी चौकात सिग्नलला पाच मिनिटं उभे राहून गाडी काढताना जी मरगळ जाणवते ती हीच.

उष्णतेपासून आडोसा देणारी पत्र्याची ढाल काही किटबरोबर येते. ती तीन बाजूंनी उघडी असेल तर तिचा उपयोग फोटोपुरताच. ढाल बोनेटला रबराने टेकत असेल आणि पुढच्या बाजूने बाहेरची हवा येत असेल, तरच तिला डबा म्हणता येईल. चकचकीत धातूचा पाईपही तापतो आणि तापलेला राहतो. कंपनी प्लॅस्टिक आणि रबर वापरते ते निव्वळ स्वस्त म्हणून नव्हे.

धूळ: इथे घाई नको

इंजिनाचं सर्वात जास्त नुकसान डोळ्यांना न दिसणारी धूळ करते. साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मधल्या तेलाच्या पापुद्र्याएवढे असतात. ते त्या फटीत शिरून घासत राहतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. आपल्या काळ्या मातीची धूळ मुळातच बारीक, त्यात बसाल्टची गिट्टी फोडून निघालेली भुकटी आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा. गाडी तेल खायला लागते, कॉम्प्रेशन उतरतं, पण ते ४०-५० हजार किलोमीटरनंतर. तोवर फिल्टर बसवणाऱ्याचं नावही आठवत नसतं.

फिल्टरची पारख करण्यासाठी जगभर आयएसओ ५०११ ही चाचणी वापरतात. ठरलेल्या जातीची धूळ ठरलेल्या वेगाने सोडायची, किती अडली ते बघायचं, हवेला किती अडथळा झाला ते मोजायचं आणि गुदमरेपर्यंत फिल्टरने किती ग्रॅम धूळ पोटात घेतली तेही नोंदवायचं. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे आकडे ९६ ते ९९ असे सांगितले जातात. ऐकायला दोन-तीन टक्क्यांचाच फरक. पण इंजिनाला मतलब न अडलेल्या धुळीशी आहे. ९९ टक्के अडवणारा एक टक्का सोडतो, ९७ टक्के अडवणारा तीन टक्के सोडतो. म्हणजे आत जाणारी धूळ तिप्पट. महामार्गावर मुळात धूळच कमी, तिथे हा तिप्पटपणा खपून जातो. वरखेडच्या शिवारात रोज जाणाऱ्या बोलेरोला तो खपणार नाही.

हे ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो: हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलाच्या वाटीवर एकदम वळते, जड कण तेलात पडतात, उरलेले वरच्या जाळीत अडकतात. त्याच्याही आधी टोपीसारखा प्री-क्लीनर हवेला गरगर फिरवून मोठी धूळ बाहेर टाकतो. हंगामात ही वाटी रोज उघडून बघण्याची शिस्त ज्या घरात असते, त्याच घरातली कार मात्र दोन-दोन वर्षं फिल्टर न उघडता चालते. नव्या ट्रॅक्टरना आणि हार्वेस्टरना कागदी फिल्टर आले, तेही एकात एक असे दोन. बाहेरचा बदलायचा, आतला राखीव. धुळीत काम करणाऱ्या यंत्रांसाठी जगाने काय निवडलं ते यावरून दिसतं.

एक चाचणी तुम्ही घरी करू शकता आणि ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी आहे. फिल्टर काढा. डब्याची जी बाजू इंजिनाकडे जाते, तिथे आणि पुढच्या पाईपच्या आत स्वच्छ पांढरं सुती फडकं फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ निघालं तर तुमचा फिल्टर काम करतो आहे. त्यावर तांबूस-करडा डाग उमटला तर धूळ फिल्टरमधून किंवा त्याच्या कडेने आत जाते आहे. बहुतेक वेळा ती कडेने जाते. फिल्टरच्या भोवतीचं रबर नीट बसलेलं नसतं, डब्याची एक क्लिप तुटलेली असते, किंवा स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर दोन मिलिमीटरने छोटा असतो. रबराच्या कडेवर एका जागी धुळीची रेघ दिसली की चोरवाट तिथेच. जगातला सर्वोत्तम फिल्टर अशा डब्यात बसवला तरी निरुपयोगी. टर्बो डिझेल गाडीत फिल्टर ते टर्बोपर्यंतचा पाईप आणि त्याचे क्लॅम्प खास तपासा. तिथल्या भेगेतून गेलेली धूळ थेट टर्बोच्या फिरत्या पात्यांवर आदळते.

आणि हो, दर महिन्याला पंक्चरवाल्याकडे जाऊन कागदी फिल्टरवर ‘हवा मारून’ घेण्याची सवय सोडा. जास्त दाबाच्या हवेने कागदाची वीण फाटते, आणि फाटलेलं डोळ्याला दिसत नाही. थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो. झटकायचाच असेल तर हलक्या हाताने जमिनीवर टेकवून झटका, फार झालं की नवा टाका. गाडीच्या माहितीपुस्तकात धुळीच्या वापरासाठी वेगळा, कमी किलोमीटरचा तक्ता असतो. आपल्यासाठी तोच लागू.

मग घ्यायचं तरी काय?

बाजारात मोटामोटी तीन माल आहेत. पहिला, कंपनीच्याच डब्यात बसणारा बदली पॅनल फिल्टर. यात के अँड एन, बीएमसी, ग्रीन ही नावं परिचयाची. किंमत साधारण चार ते सहा हजार. के अँड एनचा जन्म १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झाला, मोटरसायकली चालवणाऱ्या-विकणाऱ्या दोघांच्या डोक्यातून. धुवून पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर ही त्यांची कल्पना. दुसरा माल म्हणजे उघडा कोन, ज्याला दुकानात ‘पॉड’ म्हणतात; पाचशे रुपयांच्या बिननावाच्या मालापासून पुढे कितीही. तिसरा, बंद डब्याची पूर्ण किट. नावाजलेल्या कंपनीची असेल तर पंधरा-वीस हजारांच्या पुढेच.

माझा सल्ला बहुतेकांना चौथा आहे: मूळ कंपनीचा किंवा बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, एलोफिक अशा नावाचा नवा कागदी फिल्टर, दोनशे ते सहाशे रुपयांत, आणि सोबत डब्याच्या तुटक्या क्लिपा. जुना, बुजलेला फिल्टर काढून हा टाकल्यावर गाडी जेवढी हलकी होते तेवढी ती महागडा फिल्टर टाकूनही होत नाही. फरक जाणवतो तो जुना बुजलेला होता म्हणून. मित्राने लाल फिल्टर टाकल्यावर गाडी ‘बदलली’ असं सांगितलं तर त्याने आधी काय काढलं ते विचारा.

तरी हौस आहे, आणि गाडी बहुतांश महामार्गावरच चालते? मग बदली पॅनल फिल्टर घ्या, डबा जागेवर ठेवा. थंड हवा तीच राहते, रेझोनेटर राहतो, पाण्याची भीती वाढत नाही. मिळाल्यास तेल न लागणारा कोरडा सिंथेटिक माध्यमाचा घ्या. धुळीच्या भागात त्याची देखभाल सोपी. तेलाचा घेतलात तर धुण्याची शिस्त पाळावी लागेल: कंपनीच्या साबणाने धुणं, आतल्या बाजूने बाहेर पाणी सोडणं, सावलीत पूर्ण वाळवणं, मग घड्या-घड्यांवर मोजकं तेल. यात दिवस जातो, तेव्हा गाडी उभी. कमी तेल लागलं तर धूळ आत जाते, जास्त लागलं तर तेल पुढे जातं. इंजिन ऑइल नाहीतर सायकलच्या चेनचं तेल लावणारे महाभाग पाहिले आहेत. तो फिल्टर नसल्यातच जमा.

पूर्ण किट कोणी घ्यावी? ज्याने टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू रीमॅप केला आहे किंवा करणार आहे. तिथे खरोखर जास्त हवा लागते आणि जुना डबा अपुरा पडू शकतो. टर्बो डिझेलवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: डिझेल इंजिनाची ताकद किती इंधन सोडायचं यावर ठरते, आणि तो निर्णय ईसीयूतल्या नकाशाचा असतो. नकाशा तोच ठेवून नुसती हवा वाढवली तर ताकद वाढत नाही.

उघडा कोन? आपल्या भागात रोजच्या गाडीला नको. रॅलीच्या गाड्यांना असतो ना, असं कोणी म्हणेल. त्या गाड्यांचे फिल्टर मुक्कामाला उघडून साफ होतात, आणि इंजिनं दोन लाख किलोमीटरच्या हिशोबाने बांधलेली नसतात.

सेन्सर आणि छोटा पाईप

किट घेणार असाल तर दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न: माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर कोणता? बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो; तिथे किटचा पाईप थोडा जाडा-बारीक झाला तरी चालून जातं. पण डिझेल आणि अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत फिल्टरच्या पुढेच एमएएफ सेन्सर असतो. तापलेल्या बारीक तारेवरून किंवा पापुद्र्यावरून जाणारी हवा तिला किती थंड करते, यावरून तो हवेचं वजन काढतो. हे गणित त्या ठिकाणच्या पाईपच्या व्यासाशी बांधलेलं असतं. पाईप पाच मिलिमीटरने मोठा आला की सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू कमी इंधन सोडतो, आणि काही दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. जास्त तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेलही याच तारेवर जाऊन बसू शकतं. तारेला बोट किंवा फडकं लावू नका. एमएएफसाठीचा वेगळा क्लीनर स्प्रे मिळतो.

दुसरा प्रश्न छोट्या रबरी नळीचा. इंजिनाच्या झाकणातून निघून इनटेकच्या पाईपला मिळणारी ही ब्रीदर नळी क्रँककेसमधली वाफ परत जाळायला पाठवते. स्वस्त किटमध्ये तिला जागाच नसते; मग मिस्त्री तिच्या तोंडावर अंगठ्याएवढा फिल्टर खोचून देतो. तेलाची वाफ बोनेटखाली पसरते, आणि एमएएफ असलेल्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरायलाही वाट होते. ज्या किटला ही नळी जोडायची जागा नाही, ती परत करा.

पावसाळा

काही किटमध्ये फिल्टर खाली, बंपरच्या कोपऱ्यात किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ठेवतात. तिथे हवा थंड असते हे खरं. पण जुलैत नाल्याच्या रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत असताना हा फिल्टर पाण्याखाली जातो. इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला हायड्रोलॉक म्हणतात, आणि त्याचं बिल इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ओढून काढा. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि बदललेला इनटेक विमा कंपनीला कळवलेला नसेल तर तिला हरकत घ्यायला आयतं निमित्त मिळतं.

ॲव्हरेज वाढतं का?

नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक फ्यूएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम बुजवलेले फिल्टर लावून पाहिलं. इंधनाच्या खपात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो वेग घेण्याच्या वेळेत. कारण साधं आहे. पेट्रोल गाडी नेहमीच्या वेगाने चालताना थ्रॉटलची झडप अर्धीसुद्धा उघडलेली नसते. हवेला मुख्य अडथळा तिचाच. फिल्टर मोकळा असला तर पाय किंचित कमी दाबला जातो, एवढंच. सहा हजारांचा फिल्टर ॲव्हरेजमधून वसूल होतो असं सांगणाऱ्याला तो हिशोब कागदावर मांडायला सांगा.

मोजून बघायचं असेल तर

हजार रुपयांच्या आत ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल मिळतो. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर तीन आकडे बघा. पहिला, इनटेक एअर टेंपरेचर. गाडी दहा मिनिटं ६० च्या वेगाने चालल्यावर हा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा पाच-दहा अंशांनीच वर असेल तर तुमची मूळ व्यवस्था उत्तम आहे, बदलून काही मिळणार नाही. उभ्या, तापलेल्या गाडीत तो फुगलेला दिसतो. त्यावरून निष्कर्ष नको.

दुसरा, विनाटर्बो पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डचा दाब. इंजिन बंद, चावी चालू असताना आपल्या उंचीवर तो साधारण ९७ किलोपास्कल दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर, शेजारी आकडे वाचणारा बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमला किती दिसतो ते बघा. ९५ असेल तर सोंडेपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या सगळ्या वाटेत मिळून दोनच किलोपास्कलची घट आहे, आणि फिल्टरचा वाटा त्यातलाही एक तुकडा. हा आकडा ९० च्या खाली गेला तर आधी फिल्टर बघा. सोंडेत उंदराने केलेलं घरही सापडू शकतं.

तिसरा, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात सतत किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा. नवीन इनटेक लावण्याआधी आणि लावल्यानंतर आठवड्याने तो लिहून ठेवा. शून्याच्या जवळून उडी मारून दहा टक्क्यांच्या पलीकडे गेला असेल तर काहीतरी गळतंय किंवा सेन्सरचं गणित बिघडलंय.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचलं. फिल्टर काही आरसी बुकात लिहिलेला नसतो. मूळ डब्यात बसणाऱ्या पॅनलवर कोणी बोट ठेवण्याचं कारण नाही. पण आवाज आणि धूर यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अमरावतीची एमएच-२७ असो की अकोल्याची एमएच-३०, हा नियम एकच. वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीला किट लावू नका. टर्बो किंवा सेन्सरचा दावा करायला गेलात की सर्व्हिस सेंटरवाला आधी त्या लाल कोनाकडे बघेल.

एवढं सगळं वाचूनही किट घेतलीच, तर कंपनीचा डबा, सोंड, रेझोनेटर, स्क्रू आणि क्लिपा एका पोत्यात बांधून, उंदीर लागणार नाहीत अशा जागी माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा मूळ डबा मागतो, आणि नसेल तर भाव पाडतो.